कोड लिहिणाऱ्यांचे अवधान

सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला बोटांचे वाटते, कारण दिसतात ती कळफलकावर चालणारी बोटे. प्रत्यक्षात मात्र प्रोग्रॅमरच्या दिवसातला मोठा भाग आधीचा कोड वाचण्यात, आठवण्यात, तर्क लढवण्यात आणि पडद्यावर कोठेही न दिसणाऱ्या गोष्टी मनातल्या मनात जुळवून पाहण्यात जातो. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा विषयच प्रोग्रॅमरची नम्रता हा होता. ज्याला हे काम खरोखर जमते त्याला स्वतःच्या बुद्धीच्या मर्यादेचे पक्के भान असते, म्हणून तो चलाखीच्या युक्त्यांपासून दूर राहतो आणि आपल्याला पेलेल एवढाच भाग एका वेळी हाती घेतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मनाच्या सजगतेविषयी, म्हणजे मनात या क्षणी काय चालले आहे याकडे न रागावता, न हुरळता लक्ष देण्याच्या सरावाविषयी, आयटी क्षेत्रात आज पुष्कळ बोलले जाते आणि ते बहुतेक वेळा ताण हलका करण्याच्या अंगाने बोलले जाते. परंतु या व्यवसायापुरते पाहिले तर सजगतेचे नाते मनःशांतीपेक्षा डाइक्स्ट्रांनी सांगितलेल्या त्या भानाशी अधिक जवळचे आहे, आणि तिचा उपयोगही तेथेच अधिक होतो.

ही मर्यादा किती तोकडी आहे, याचा अंदाज मानसशास्त्राने बऱ्याच आधी बांधला आहे. हातातले काम चालू असताना त्यासाठी लागणारी माहिती तात्पुरती धरून ठेवणारी जी स्मृती, तिला कार्यरत स्मृती म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अशा अल्पकालीन स्मृतीची धारणशक्ती सुमारे सात घटकांची असल्याचे मांडले, तर नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये उपलब्ध पुरावा नव्याने तपासून ती चारच्या आसपास आणून ठेवली. चार हा आकडा किती अपुरा आहे हे एखाद्या साध्या बगच्या, म्हणजे प्रोग्रॅममधील चुकीच्या, उदाहरणावरून समजते. खरेदीच्या एखाद्या अ‍ॅपवर काही ऑर्डरींची तारीख एक दिवस आधीची दिसते, अशी तक्रार आली असे समजावे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे १० जुलैला पहाटे दोन वाजता केलेल्या ऑर्डरची नोंद ९ जुलै रात्री साडेआठ अशी होते आणि ती दाखवताना पुन्हा भारतीय वेळेत आणली नाही, तर ग्राहकाला तारीख ९ दिसते. डेटाबेसमध्ये नोंद कोणत्या वेळेत आहे, सर्व्हर ती पुढे कोणत्या स्वरूपात पाठवतो, ग्राहकाचा फोन तिचे रूपांतर स्वतः करतो की नाही, आणि महिनाअखेरचा हिशेब याच नोंदींवर चालतो काय, या चार गोष्टी प्रोग्रॅमरला एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात ‘पाच मिनिटं आहेस का?’ असा संदेश उमटतो. पाच मिनिटे संपवून परत आलेला आणि संध्याकाळपर्यंत तक्रार मिटवण्याच्या घाईत असलेला माणूस दिसेल त्या जागी साडेपाच तास मिळवून मोकळा होतो. तक्रार बंद होते, मात्र ज्या पडद्यावर ते रूपांतर आधीपासूनच होत होते तेथे ते आता दोनदा होऊ लागते आणि संध्याकाळी साडेसहानंतरच्या प्रत्येक ऑर्डरवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. अशा चुकीला अज्ञान म्हणता येत नाही, कारण त्या माणसाला प्रमाणवेळांचे गणित चांगले ठाऊक असते. निसटलेले असते ते अवधान.

व्यत्ययानंतर काम पुन्हा पकडणे किती कठीण असते, याचा अभ्यास क्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर या संशोधकांनी प्रोग्रॅमरांच्याच बाबतीत केला. त्यांनी प्रोग्रॅमरांच्या कामाच्या १०,००० नोंदलेल्या बैठका तपासल्या, आणखी ४१४ जणांना प्रश्नावली दिली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फार थोड्या बैठकांत माणूस बसल्याबरोबर कोड लिहायला लागला होता. बहुतेक वेळा तो आधी निरनिराळ्या फाइलींमधून हिंडत, आपण कोठे होतो याचा माग काढत होता. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याच अवस्थेची दुसरी बाजू दाखवली. अर्धवट टाकलेल्या कामात मनाचा काही अंश गुंतून राहतो आणि पुढच्या कामाच्या वाट्याला उरलेले मन येते. या गुंतून राहिलेल्या अंशाला त्यांनी अवधानाचा अवशेष असे नाव दिले. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगाचा निष्कर्ष तर अधिक विचार करायला लावणारा आहे, कारण त्यात व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उशिरा नव्हे, उलट लवकर संपवले, मात्र त्याची किंमत वाढलेला ताण, चिडचिड आणि वेळ अपुरा पडत असल्याची जाणीव या रूपाने मोजली. व्यत्ययाचे नुकसान हजेरीपटात किंवा कामाच्या तक्त्यात का दिसत नाही, याचे उत्तर येथे मिळते. काम वेळेत झालेले असते. माणूस थकलेला असतो.

महाराष्ट्रातल्या हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या कार्यालयांत या प्रश्नाला घड्याळाचा आणखी एक पीळ बसतो. अमेरिकेतील ग्राहकासाठी काम करणाऱ्या संघाची दिवसाची महत्त्वाची मीटिंग न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला ठेवली, तर हिवाळ्यात ती पुण्यातल्या संध्याकाळी साडेसातला येते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नऊला ठेवली तर रात्री साडेदहाला. तिकडच्या उन्हाळ्यात घड्याळे बदलतात तेव्हा ती तासभर अलीकडे सरकते इतकेच. सकाळी इथल्या सहकाऱ्यांचे संदेश, रात्री तिकडच्यांचे प्रश्न आणि मध्ये प्रवास, अशा रचनेत सलग दोन तासांचा निवांतपणा आपोआप मिळत नाही. पुष्कळजण तो रात्री अकरानंतर शोधतात, आणि त्या उसन्या शांततेची फेड झोपेने करतात.

या परिस्थितीत सजगतेचा सराव नेमके काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. आज कंपन्यांमधून शिकवल्या जाणाऱ्या सजगतेचे स्वरूप मुख्यतः जॉन कबाट-झिन यांच्याकडून आलेले आहे. त्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील साधना बौद्ध परंपरेतून घेतलेली असली, तरी मांडणी धार्मिक चौकटीबाहेरची होती. मराठी वाचकाला हीच परंपरा दुसऱ्या वाटेने परिचित आहे, कारण सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, त्यांनी विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले, जेथे दहा दिवस मौन पाळून साधना करण्यासाठी आजही देशभरातून माणसे येतात. दोन्ही ठिकाणी आरंभीचा सराव साधा असतो. नैसर्गिकपणे चाललेल्या श्वासाकडे लक्ष द्यायचे, लक्ष भरकटले की ते भरकटल्याचे ओळखायचे आणि स्वतःला दोष न देता पुन्हा श्वासावर आणायचे. नवशिक्याला वाटते की मन भरकटले म्हणजे साधना बिघडली. वास्तविक भरकटल्याचे ओळखणे आणि परत येणे हाच सारा व्यायाम आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात भटकणारे लक्ष पुन्हा पुन्हा स्वेच्छेने माघारी आणण्याच्या शक्तीला चारित्र्याचे मूळ मानले होते आणि तिची वाढ करणारे शिक्षण सर्वश्रेष्ठ ठरेल, असे म्हटले होते.

पुराव्याच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे, कारण या विषयाच्या प्रचारकांनी विज्ञानाच्या नावावर पुष्कळ काही खपवले आहे. २०१४ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आणि त्यांत सहभागी झालेल्या ३,५१५ जणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर सजगतेच्या कार्यक्रमांचा माफक उपयोग होतो, असा मध्यम प्रतीचा पुरावा त्यात आढळला. अवधान आणि झोप यांवर परिणाम होतो असे म्हणण्यास पुरावा अपुरा असल्याचेही त्याच आढाव्याने स्पष्ट सांगितले. प्रोग्रॅमिंगच्या जवळचे प्रयोग स्पेनमधील सेव्हिल विद्यापीठात बेआत्रिस बेर्नार्देस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने काही आठवडे सजगतेचा सराव केला, दुसऱ्या गटाने केला नाही, आणि नंतर दोन्ही गटांना संकल्पनात्मक प्रारूप तयार करण्याचे काम दिले गेले. संकल्पनात्मक प्रारूप म्हणजे कोड लिहिण्याआधी प्रश्नातील वस्तू, त्यांचे गुणधर्म आणि परस्परसंबंध यांची आखणी. सराव केलेल्या गटाची कार्यक्षमता अधिक आढळली, म्हणजे त्यांनी लागलेल्या वेळेच्या मानाने अधिक काम बरोबर केले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण तो विद्यार्थ्यांवरचा आहे आणि एका विशिष्ट प्रकारच्या कामापुरता आहे. श्वासाकडे पाहिल्याने कोड आपोआप सुधारतो असे कोणी सांगत असेल, तर ते मानू नये.

तरीही हा सराव प्रोग्रॅमरला टाकाऊ ठरत नाही, आणि त्याचे कारण या व्यवसायाच्या स्वभावात आहे. संगणक दिलेली सूचना तंतोतंत पाळतो. त्यामुळे प्रोग्रॅम चुकीचा वागतो, तेव्हा बहुधा लिहिणाऱ्याने काहीतरी गृहीत धरलेले असते आणि आपण ते गृहीत धरले आहे हेच त्याला ठाऊक नसते. बग सापडत नसतानाच्या तासाभरात मनाची जी अवस्था होते, ती जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्यांदा कोड वाचला जातो, दुसऱ्यांदा तो नुसता चाळला जातो, तिसऱ्यांदा माणूस काही बदलून पाहतो आणि चौथ्या वेळेपर्यंत तो का बदलतो आहे याचे कारणही त्याच्याजवळ उरलेले नसते; जबडा आवळलेला, खांदे वर चढलेले आणि बोटे पुन्हा तीच कळ दाबत असलेली. आपण विचार करणे थांबवले असून केवळ खटपट करत आहोत, हे ज्याला तिसऱ्या प्रयत्नाला ध्यानात येते त्याचा दिवस वाचतो, आणि हे ध्यानात येण्याची क्षमता म्हणजेच श्वासाच्या सरावात घोटलेली क्षमता. अशा वेळी हात कळफलकावरून काढून आपण काय खरे मानून चाललो आहोत ते कागदावर ओळीने लिहावे, आणि त्यातले एकेक विधान तपासून खोडावे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ मधील ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात टेबलावर रबराचे बदक ठेवून त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगण्याचा जो उपाय आला आहे, त्यामागचे तत्त्वही हेच. मोठ्याने सांगताना गृहीतकाला उघड्यावर यावेच लागते.

दुसरी अशी जागा म्हणजे कोड रिव्ह्यू. एकाने लिहिलेला कोड मुख्य प्रोग्रॅममध्ये जाण्यापूर्वी दुसऱ्याने तपासण्याची ही पद्धत चुका पकडण्यासाठी अत्यंत उपयोगी आहे, पण तिच्यात मने दुखावतात. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या पुस्तकात अहंकारविरहित प्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली होती. माणूस आपल्या कोडला स्वतःचाच विस्तार मानू लागला की त्यातली चूक त्याला दिसेनाशी होते, हे त्यांचे निरीक्षण अर्ध्या शतकानंतरही जसेच्या तसे लागू आहे. रिव्ह्यूतील शेरा वाचताच अंगात जो ताव चढतो तो ओळखून उत्तर तासाभराने लिहिणे, आणि शेरा लिहिणाऱ्यानेही ‘हे चूक आहे’ एवढे तोडून न टाकता कोणत्या परिस्थितीत ते चुकेल हे सांगणे, या दोन रीतींनी संघातली कटुता जितकी कमी होते तितकी कोणत्याही सहलीने किंवा पार्टीने होत नाही.

सजगता क्षणाची असते. ती दिवसभर टिकवायची तर तिला सवयीचा आधार लागतो. सवय जडण्यास एकवीस दिवस पुरतात हा समज सर्वत्र ऐकू येतो, परंतु फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले आणि माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात जमले नाही म्हणून खचण्याचे कारण नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ‘मी अधिक लक्ष देईन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशी प्रसंगाला बांधलेली योजना पुष्कळ अधिक वेळा पार पडते.

अशा योजनांमध्ये प्रोग्रॅमरला सर्वांत लाभदायक ठरणारी योजना अगदी लहान आहे. कोणीही हाक मारली, मीटिंगची वेळ झाली किंवा घरी निघायचे झाले, की उठण्यापूर्वी दोन ओळी लिहून ठेवायच्या: आत्ता काय तपासत होतो आणि परत आल्यावर पहिले पाऊल कोणते. सोफी लेरॉय आणि थेरेसा ग्लोम यांनी २०१८ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली आणि परतीची अशी योजना लिहून ठेवणाऱ्यांचे मन मागच्या कामात कमी अडकते व मध्ये आलेले काम अधिक चांगले होते, असे त्यांना आढळले. प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या अनुभवातून याच्याही पुढची एक रीत शोधलेली आहे. काम सोडताना ते कोडमध्ये मुद्दाम एक अशी ओळ टाकून जातात, की ती दुरुस्त केल्याशिवाय प्रोग्रॅम चालणारच नाही. दुसऱ्या दिवशी संगणक स्वतःच बोट ठेवून दाखवतो की काल येथे थांबलो होतो. पार्निन आणि रुगाबर यांच्या पाहणीत ही रीत नोंदलेली आहे, आणि केंट बेक यांनीही चाचणीआधारित प्रोग्रॅमिंगवरील आपल्या पुस्तकात एकट्याने काम करणाऱ्याला दिवसाची शेवटची चाचणी नापास अवस्थेत ठेवून उठण्याचा सल्ला दिला आहे. संघासाठी त्यांचा सल्ला नेमका उलटा आहे, कारण सामाईक कोड मोडलेला ठेवून जाणे म्हणजे आपली आठवण जपण्यासाठी दुसऱ्याची सकाळ खर्ची घालणे होय.

फ्रान्सिस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी विद्यार्थिदशेत स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून बेतलेली पोमोडोरो पद्धत, म्हणजे २५ मिनिटे काम आणि मग छोटी विश्रांती, ही बरीच लोकप्रिय आहे. टाळलेले काम सुरू करण्यासाठी ती उत्तम. परंतु ज्या कामात मनात सगळी मांडणी उभी राहण्यासच पंधरा-वीस मिनिटे जातात, तेथे पंचविसाव्या मिनिटाला वाजणारी घंटा हा स्वतःहून ओढवलेला व्यत्यय ठरतो, आणि तेव्हा ती बाजूला ठेवण्यात काहीच गैर नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची कोड लिहून देणारी साधने आल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात फोन उघडण्याची नवी सवय जडू लागली आहे, आणि तिचा उपाय सध्या एकच दिसतो: त्या अर्ध्या मिनिटात आपल्याला कोणते उत्तर अपेक्षित आहे ते आधी मनाशी ठरवावे, म्हणजे आलेला कोड वाचताना तो तपासला जातो, नुसता स्वीकारला जात नाही.

एवढे सगळे सांगूनही व्यक्तीच्या सरावावरच भिस्त ठेवणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून येणाऱ्या शक्तिक्षयाची, व्याख्या केली तेव्हा त्याला व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. कामाच्या ठिकाणचा जो ताण नीट हाताळला गेला नाही त्याचा तो परिणाम, असे त्या व्याख्येत आहे. त्याच वर्षी रोनाल्ड परसर यांनी आपल्या पुस्तकात कंपन्यांमधील सजगतेच्या लाटेवर टीका केली, ती अशी की ताण निर्माण करणारी व्यवस्था तशीच ठेवून तो सोसण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याच्या श्वासावर टाकली जाते. ही टीका रास्त आहे. टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांतील प्रोग्रॅमरांना एकसारखे काम देऊन तुलना केली, तेव्हा सरस ठरलेल्यांच्या बसण्याच्या जागा अधिक शांत आणि कमी व्यत्ययाच्या होत्या. चांगली माणसे शांत कार्यालयांकडे ओढली जातात म्हणूनही असे दिसले असेल, पण तसे असले तरी कंपनीने काढायचा निष्कर्ष बदलत नाही. गूगलच्या सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, रात्री-अपरात्री बिघाडासाठी उठण्याची पाळी असलेल्या माणसावर बारा तासांत दोनपेक्षा अधिक मोठे प्रसंग येऊ नयेत, अशी मर्यादा घातलेली आहे. सजगतेचे भाषण ठेवण्याऐवजी अशी आकड्यातली मर्यादा कंपनीने लेखी मान्य करणे कितीतरी अधिक मोलाचे आहे.

म्हणून प्रोग्रॅमरने दिवसातली दहा मिनिटे शांत बसण्यासाठी जरूर द्यावीत आणि उठण्यापूर्वीच्या दोन ओळी कधी चुकवू नयेत. परंतु त्याच्या टीम लीडने त्याआधी येत्या सोमवारच्या कॅलेंडरवर सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ संपूर्ण संघासाठी मीटिंगविना राखून ठेवावी, रात्रीच्या मीटिंगला आलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा द्यावी, आणि त्या अडीच तासांत स्वतःही कोणाला ‘पाच मिनिटं आहेस का?’ असे विचारू नये.